घरी आलेला चित्रपट आणि समीक्षेची संहिता

चित्रपटसमीक्षेचा विचार करताना एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो. समीक्षक ज्याविषयी लिहितो आणि वाचक जे पाहतो, ते एकच असते, अशी ती समजूत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला असे गृहीत धरणे परवडत नाही. ‘ज्ञानेश्वरी’तील एखाद्या शब्दावर लिहिणाऱ्याने राजवाडे प्रत वापरली की एकनाथांनी शुद्ध केलेल्या परंपरेतील, हे सांगितल्याशिवाय त्याचे विधान कोणी गंभीरपणे घेत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ‘मी अमुक चित्रपट पाहिला’ एवढे म्हटले की पुरते. कोणता पाहिला, कशावर पाहिला, किती लांबीचा पाहिला, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे रुजली नाही. चित्रपट चित्रगृहातच राहत होता तोवर या प्रश्नाची निकड कमी होती. तो व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी या रूपांत घरी आला, तेव्हा ती निर्माण झाली. आता त्या वस्तूही बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या असताना ती अधिकच वाढली आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका परदेशी आणि काही भारतीय चित्रपटांच्या आधारे केला आहे.

घरी येण्यापूर्वीचा चित्रपट समीक्षकाच्या दृष्टीने नाट्यप्रयोगासारखा होता. तो घडून जाई आणि मागे स्मरण उरे. फ्रेंच अभ्यासक रेमों बेलूर यांनी १९७५ मध्ये चित्रपटाला ‘हाती न लागणारी संहिता’ म्हटले, ते याच अर्थाने. कवितेच्या समीक्षकाला ओळ उद्धृत करता येते. चित्रपटाच्या समीक्षकाला दृश्याचे वर्णन करावे लागते आणि वर्णन करताना तो दृश्य बदलूनच सांगतो. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी चित्रपटाच्या स्वरूपावर १९७१ मध्ये जो ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः स्मरणावर विसंबून लिहिल्याचे प्रस्तावनेतच सांगितले आहे. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात दीर्घकाळ लिहिणाऱ्या पॉलीन केल यांनी तर स्मरणाच्या या मर्यादेलाच तत्त्वाचे रूप दिले. चित्रपट एकदाच पाहावा आणि लिहावे, अशी त्यांची ख्याती होती. या भूमिकेत एक प्रामाणिकपणा आहे हे नाकारता येणार नाही. प्रेक्षक जसा पाहतो तसाच समीक्षकही पाहतो. त्याला प्रेक्षकापेक्षा जास्तीची सवलत नाही. पण ही भूमिका ज्या परिस्थितीतून आली ती परिस्थितीच पुढे बदलली.

१९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली, १९७८ मध्ये लेझरडिस्क, १९९३ मध्ये व्हीसीडीचे मानक ठरले आणि १९९६-९७ मध्ये डीव्हीडी अवतरली. या क्रमाचा तपशील येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे, की प्रेक्षकाच्या हाती थांबवण्याची कळ आली. लॉरा मल्व्ही यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या ‘थांबवून पाहण्या’लाच विवेचनाचा विषय केले आहे. थांबवून पाहणारा प्रेक्षक समीक्षकाच्या विधानाची पडताळणी करू शकतो. त्यामुळे समीक्षकाची एक जुनी मोकळीक संपली.

घरी आलेल्या चित्रपटाच्या समीक्षेविषयी बोलताना सामान्यतः एकच कथा सांगितली जाते : चित्रगृहात पडलेला चित्रपट व्हिडिओवर तरला. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हे तिचे ठरलेले उदाहरण. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने १९९४ मधील पहिल्या प्रदर्शनात एक कोटी साठ लाख डॉलरच्या आसपासच मिळवले. ऑस्करची सात नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. १९९५ मध्ये मात्र भाड्याने सर्वाधिक नेल्या गेलेल्या चित्रपटांत तो अग्रभागी होता. ही कथा खरी आहे, पण समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात फारसे काही नाही. येथे बदलली ती प्रेक्षकसंख्या. संहिता तीच राहिली.

‘ब्लेड रनर’ची कथा वेगळी आहे. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून रिडली स्कॉट यांनी केलेला हा चित्रपट जून १९८२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. पूर्वपरीक्षणाच्या खेळांतील प्रतिसाद पाहून निर्मात्यांनी त्यात दोन गोष्टी घातल्या : नायक डेकार्डच्या तोंडचे निवेदन आणि सुखान्त. सुखान्तासाठी लागणारी डोंगरदऱ्यांची हवाई दृश्ये तर कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित करून न वापरलेल्या फितीतून घेतलेली होती. बहुतेक समीक्षकांनी दृश्यरचनेचे कौतुक केले आणि कथन कोरडे, निर्जीव असल्याची तक्रार केली. चित्रपट चालला नाही. पुढे तो कॅसेटवर आणि १९८७ मध्ये लेझरडिस्कवर आला आणि त्याचे भक्त निर्माण झाले. तयारीच्या अवस्थेतील एक प्रत १९९० नंतर काही चित्रगृहांत दाखवली गेली. तिला मिळालेला प्रतिसाद पाहून १९९२ मध्ये ‘दिग्दर्शकाची प्रत’ आली. तिच्यातून निवेदन गेले, सुखान्त गेला आणि डेकार्डच्या स्वप्नात दिसणाऱ्या एकशिंगी घोड्याचे एक छोटे दृश्य आले. २००७ मध्ये ‘अंतिम प्रत’ आली आणि तिच्याबरोबर पाच डिस्कचा एक संच निघाला. त्यात या चित्रपटाचे पाच वेगवेगळे पाठ एकत्र होते.

या चित्रपटावरील समीक्षा वाचताना लक्षात येते, की तिच्यातील मध्यवर्ती वाद अनेकदा एका संहितेविषयीचा नसतोच. डेकार्ड हा माणूस आहे की तोही एक कृत्रिम मानव, हा तो वाद. १९८२ च्या प्रतीत शेवटी त्याला कागदाची घडी घालून केलेला एकशिंगी घोडा सापडतो, पण तत्पूर्वी स्वप्न नाही. म्हणून तो कागदी घोडा ‘मी येथे येऊन गेलो’ एवढेच सांगतो. १९९२ च्या प्रतीत स्वप्न आधी येते आणि तोच कागदी घोडा ‘तुझी स्वप्नेही मला ठाऊक आहेत’ असे सांगू लागतो. शेवटचे दृश्य तेच. अर्थ मात्र उलटला. पाठचिकित्सेत ज्याला आपण प्रक्षेप म्हणतो, त्याचे इतके शुद्ध उदाहरण शोधूनही सापडणार नाही. गंमत अशी, की येथे प्रक्षेप कोणता आणि मूळ कोणते, हे कालक्रमावरून ठरत नाही. आधी प्रदर्शित झालेले निवेदन निर्मात्यांनी घातलेले. नंतर प्रदर्शित झालेले स्वप्न दिग्दर्शकाचे. रॉजर ईबर्ट यांनी १९८२ मध्ये या चित्रपटाला चारपैकी तीन तारे दिले होते. २००७ मध्ये अंतिम प्रत पाहून त्यांनी चार दिले आणि आपल्या ‘महान चित्रपटां’च्या मालिकेत त्याला जागा दिली. याला समीक्षकाचे मतपरिवर्तन म्हणण्याची घाई करू नये. त्यांचे मत बदललेच असणार. परंतु समोरची संहिताही बदललेली होती, आणि दोहोंपैकी कशाचा वाटा किती, हे त्या दोन लेखांवरून वेगळे काढणे कठीण आहे.

‘दिग्दर्शकाची प्रत’ ही संकल्पना मात्र सावधपणे घ्यावी लागते. तिच्यात कलावंताच्या हेतूचा आदर आहे, तसाच तीच वस्तू ग्राहकाला दुसऱ्यांदा विकण्याचा मार्गही आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने पानाच्या वरच्या भागात संपादित पाठ दिला आणि खाली पाठभेद दिले. नाकारलेली सामग्री फेकून दिली नाही, परिशिष्टांत ठेवली. वाचकाला संपादकाशी असहमत होता येईल एवढे साहित्य त्याच्या हाती राहिले. पाच पाठांचा तो संच या आदर्शाच्या जवळ जातो. एकट्या ‘अंतिम’ प्रतीची डीव्हीडी जात नाही. १९८४ पासून लेझरडिस्कवर अभिजात चित्रपट काढणाऱ्या अमेरिकेतील ‘क्रायटेरियन’ने ‘किंग काँग’च्या डिस्कवर चित्रपटाबरोबर चालणारे अभ्यासकाचे भाष्य दुसऱ्या ध्वनिपट्टीवर दिले, आणि पुढे ती प्रथाच झाली. मूळ ग्रंथ मध्यभागी आणि टीका भोवती, ही आपल्या पोथ्यांची रचना येथे नव्या साधनाने परत आली असे मला वाटते.

आपल्याकडे चित्रपट घरी आला तो मुख्यतः कॅसेट आणि व्हीसीडीच्या रूपाने, आणि या वस्तूंनी काय दिले व काय घेतले याचा हिशेब वेगळा आहे. व्हीसीडीवर सुमारे सव्वा तास मावे. म्हणून आपले चित्रपट दोन किंवा तीन डिस्कवर येत आणि दिग्दर्शकाने ठरवलेल्या मध्यंतराखेरीज आणखी एक-दोन मध्यंतरे प्रेक्षकाला मिळत. तीही वाक्याच्या मध्येच. कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह असे, कधी तळाशी जाहिरात सरके. चित्रचौकटीचा प्रश्न याहून गंभीर. जुन्या दूरदर्शन संचाच्या पडद्याची रुंदी उंचीच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट, सिनेमास्कोपची अडीचपटीच्या जवळ. पडदा भरून चित्र दाखवायचे तर चौकटीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापावा लागे. १९५९ चा ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओची रुंदी एकाकीपणाच्या अर्थाने वापरली आहे. ती रुंदी कापली की माणूस एकटा न दिसता केवळ मधोमध उभा दिसतो. हा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी अपयशी ठरला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला मोठेपण दिले. त्या पुनर्मूल्यांकनात फिल्म सोसायट्यांच्या खेळांचा वाटा होता तसाच दूरदर्शनचा आणि कॅसेटचाही. पण कोणी कोणती चौकट पाहून लिहिले, याची नोंद क्वचितच आढळते.

किमतीच्या अंगाने पाहता २००७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे. मोझर बेअर या कंपनीने त्या वर्षी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या स्वस्ताईचे मोल विशेष. त्याच्या शहरात मराठी चित्रपट चित्रगृहात लागणे हा अपवादच. मंडळाच्या गणेशोत्सवात एखादा खेळ होई तेवढाच. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत चकली-चिवड्याबरोबर व्हीसीडी येऊ लागल्या आणि मराठी चित्रपटाची एक विखुरलेली प्रेक्षकशाळा तयार झाली. वृत्तपत्रीय परीक्षणे मात्र पहिल्या आठवड्याच्या प्रदर्शनाशीच बांधलेली राहिली. घरी आलेल्या चित्रपटाचे परीक्षण करताना प्रत कशी आहे, लांबी पूर्ण आहे का, उपशीर्षके कशी आहेत, याचा विचार करणारे सदर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये डेव्ह केर यांनी १९९९ पासून २०१३ पर्यंत चालवले. तसे नियमित सदर मराठीत माझ्या वाचनात आले नाही.

उपशीर्षकांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. अध्यासनाच्या वर्गातील निम्मे विद्यार्थी मराठी भाषक नसतात. ते ऐकतात ते शांता आपटे यांचे मराठी आणि वाचतात ते कोणा अनाम अनुवादकाचे इंग्रजी. त्यांच्या निबंधांत ‘कुंकू’ या शब्दाच्या जागी कोणता इंग्रजी शब्द येतो यावरून त्यांनी कोणती उपशीर्षके वाचली हे ओळखता येते. याच ‘कुंकू’त, १९३७ मध्ये, व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून प्रसंगांतील नैसर्गिक आवाजांवरच भिस्त ठेवली. हा धाडसी निर्णय व्हीसीडीवर ऐकणाऱ्याला कळेलच असे नाही; खरखरीच्या आवरणाखाली शांतता ही योजना आहे की झीज, हे कसे सांगणार?

मराठीच्या संदर्भात पाठभेदाचा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो ‘प्रभात’च्या द्विभाषिक चित्रपटांत. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून ‘प्रभात’ने अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित केले. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या त्यांतील प्रसिद्ध जोड्या. नंतरच्या काळातील ध्वनिमुद्रण बदलून केलेल्या रूपांतरांसारख्या या नव्हेत. येथे कॅमेऱ्यापुढे प्रसंग दोनदा उभा राहिला आहे, कधी नट बदलून. मराठी समीक्षा मात्र यांच्याकडे एकाच चित्रपटाची दोन नावे म्हणून पाहत आली. पुण्याबाहेर, विशेषतः उत्तरेत, हिंदी रूप सहज मिळे आणि मराठी मिळत नसे. त्यामुळे ‘माणूस’वर लिहिणारा प्रत्यक्षात ‘आदमी’ पाहून लिहितो, असे पुष्कळदा झाले असले पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘माणूस’वरील निबंधात नायिकेचे नाव केसर आणि हवालदाराचे मोती असे लिहिले होते. मराठीत ती मैना आणि गणपत आहेत. मी लाल शाईने दुरुस्ती केली आणि वर्गात थोडे सुनावलेही.

तिने पुढच्याच आठवड्यात माझा एक जुना लेख आणून पुढे ठेवला. ‘शेजारी’वरील त्या लेखात मी लिहिले होते, की शांताराम यांनी मुसलमान नटाला हिंदूची आणि हिंदू नटाला मुसलमानाची भूमिका देऊन ऐक्याचा विचार पात्रयोजनेतच गुंफला. हे विधान मी अनेक ठिकाणी वाचले होते, मला ते आवडले होते, आणि लेखाचा पाऊण भाग त्यावर उभा होता. ते ‘पडोसी’विषयी पूर्णपणे खरे आहे : तेथे मझहर खान हे ठाकूर आहेत आणि गजानन जागीरदार मिर्झा. ‘शेजारी’त मिर्झा जागीरदारच आहेत, पण त्यांच्यासमोर जीवा पाटील म्हणून उभे आहेत केशवराव दाते. अदलाबदल नाही. चित्रपट मी चित्रगृहात, तरुणपणी, एकदा पाहिला होता; लिहिताना मराठी चित्रपटाचे स्मरण आणि हिंदी चित्रपटाविषयीचे वाचन एकमेकांत मिसळले आणि मला जोड दिसला नाही.

ही केवळ तपशिलाची चूक नव्हती, हे ‘शेजारी’ पुन्हा पाहिल्यावर ध्यानात आले. ‘पडोसी’तील अदलाबदल ही प्रेक्षकाच्या पडद्याबाहेरील ज्ञानावर अवलंबून आहे. मझहर खान कोण, हे ठाऊक असलेल्याला ठाकूर आणि मिर्झा यांच्या भांडणात एक उपरोध दिसतो, आणि धरण फुटून दोघे एकत्र मरतात तेव्हा त्या मरणात नटांचीही एकजूट दिसते. १९४१ मधल्या अखिल भारतीय बाजारासाठी हे जाणून केलेले विधान होते. ‘शेजारी’ला तो आधार नाही. तेथे सारा भार गावावर, बोलीवर आणि दाते यांच्या शरीरावर आहे. जीवाचा संशय जसजसा वाढतो तसतशी त्यांची चाल बदलत जाते. मिर्झाकडे पाठ करून ते बसतात तेव्हा पाठीतूनच अपराधीपण दिसते. रंगभूमीवर घडलेला हा नट कॅमेऱ्यापुढे किती कमी करतो, हे थांबवून पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘पडोसी’ ऐक्याचा युक्तिवाद मांडतो, तर ‘शेजारी’ मैत्री मोडण्याची क्रिया दाखवतो. विश्राम बेडेकर यांची कथा एकच, दिग्दर्शक एकच, वर्ष एकच. तरी दोन्हींवर एकच समीक्षा लागू पडत नाही. माझ्या लेखाने ‘शेजारी’ला जी थोरवी दिली ती त्याची नव्हती, आणि जी त्याची होती ती मला दिसलीच नव्हती.

अलीकडच्या चित्रपटांबाबत हा प्रश्न संपला आहे असे नाही. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) हिंदीत ‘सुबह’ म्हणून आला. स्मिता पाटील दोन्हींत आहेत, म्हणून दोन्ही एकच, असे मानले जाते. ‘शोले’चा (१९७५) मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो, आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलला आणि पोलीस वेळेवर येऊन ठाकूरला थांबवू लागले. मूळ शेवट पुढे व्हिडिओच्या मार्गाने हस्ते-परहस्ते पसरला. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात त्यासह पुनरुज्जीवित केलेली प्रत दाखवली गेली. कायदा आणि सूड यांविषयी ‘शोले’ काय म्हणतो, यावर मधल्या पन्नास वर्षांत जे लिहिले गेले ते बहुतेक सेन्सॉरने लिहवलेल्या शेवटावर आहे. ते चुकीचे नाही, कारण कोट्यवधींनी पाहिला तो तोच शेवट. पण ते कशावर आहे, हे सांगायला हवे.

आता डिस्कचा काळ मागे पडला. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून विसर्जनाकडे गेली. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून सुरुवात केलेल्या नेटफ्लिक्सने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. चित्रपट प्रवाहरूपाने घरात येतो. सोय मोठी आहे, आणि मराठी चित्रपट दिल्ली-हैदराबादच्या विद्यार्थ्याला पूर्वी कधी नव्हता इतका सहज मिळतो. परंतु डिस्कच्या वेष्टनावर निदान लांबी आणि वर्ष छापलेले असे. आज पाहिलेली प्रत उद्या बदलली किंवा काढून घेतली तर पाहणाऱ्याकडे पुरावा राहत नाही. पोथीला पुष्पिका असते : कोणी, कोठे, कोणत्या शकात नकलली. आजच्या प्रतीला ती नाही. म्हणून आता विद्यार्थ्यांकडून निबंधाच्या पहिल्या पानावर पाहिलेल्या प्रतीची भाषा, लांबी, माध्यम आणि पाहिल्याची तारीख लिहून घेतो. सुरुवातीला त्यांना हा कारकुनी त्रास वाटला. मग दोघांच्या ‘कुंकू’ची लांबी जुळेना, तेव्हा वर्गाचा एक तास त्या फरकाच्या शोधातच गेला आणि तो त्या सत्रातला चांगला तास होता.

‘शेजारी’ची दोन डिस्कची व्हीसीडी अध्यासनाच्या कपाटात आहे. दुसरी डिस्क धरणफुटीच्या प्रसंगापाशी अडकते. पुसून पुन्हा लावली की कधी चालते, कधी नाही. तिची नक्कल करून घेण्यासाठी अर्ज दिला आहे. माझ्या त्या जुन्या लेखाचे पुनर्मुद्रण पुढच्या खंडात व्हायचे आहे. मूळ वाक्य मी तसेच राहू दिले आहे आणि तळाशी पाठभेद नोंदवला आहे : हे विधान ‘पडोसी’चे, ‘शेजारी’त केशवराव दाते.